ज्यांचं लग्न अजून झालेलं नाही, त्यांना टेबलात कुठं बसवायचं?

सिनॉप्सिस लिहिणाऱ्या आणि पेटनंतरच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांकडून हल्ली एकच प्रश्न येतो. विषय विवाह, प्रजनन, कुटुंब यांपैकी काहीतरी असतो आणि प्रश्न असा, की "लग्नाचं सरासरी वय कुठल्या रिपोर्टमधून घेऊ?" प्रश्न साधा वाटतो. पण एक रिपोर्ट उघडला की एक आकडा दिसतो, दुसरा उघडला की दुसराच. मग जो आकडा आपल्या गृहीतकाला सोयीचा, तो उचलायचा मोह होतो. आजची पोस्ट त्यावर आहे आणि थोडी लांब आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

दोन आकड्यांपासून सुरू करू. भारतात अठरा पूर्ण व्हायच्या आत किती मुलींची लग्नं होतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१, आपण याला एनएफएचएस-५ म्हणू) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्याच सुमाराचा, म्हणजे २०२० चा, नमुना नोंदणी पद्धतीचा अहवाल उघडा. याला सगळे एसआरएस म्हणतात. तिथे अठराच्या आतल्या लग्नांचं प्रमाण १.९ टक्के आहे. बारा पटींचा फरक! दोन्ही अहवाल सरकारी, दोन्ही छापील. एका बातमीत पहिला आकडा येतो, दुसऱ्या बातमीत दुसरा, आणि वाचणाऱ्याला वाटतं की बालविवाह एक तर प्रचंड आहेत किंवा संपलेच.

वयाचंही तेच. एसआरएस २०२० नुसार मुलींचं लग्नाचं सरासरी वय २२.७ वर्षं. एनएफएचएस-५ मध्ये २० ते ४९ वयाच्या स्त्रियांचं पहिल्या लग्नाचं मध्यक वय १९.२ वर्षं. साडेतीन वर्षांचा फरक. मुलीच्या आयुष्यात एकोणीस आणि बावीस-तेवीस यांच्यामध्ये पदवी असते, पहिली नोकरी असते. म्हणजे हा दशांश चिन्हाचा वाद नाही.

यातला एक भाग लगेच सुटतो. एनएफएचएसचा १९.२ हा आकडा वीस वर्षांच्या मुलीपासून एकोणपन्नास वर्षांच्या बाईपर्यंत सगळ्यांचा मिळून आहे. एकोणपन्नास वर्षांच्या बाईचं लग्न १९९० च्या आसपास झालेलं असणार. म्हणजे या एका आकड्यात तीस वर्षांची लग्नं एकत्र कालवलेली आहेत. एसआरएसचा आकडा त्या एका वर्षाचं चित्र देतो. एक पिढ्यांचा हिशोब, एक वर्षाचा हिशोब. शिवाय एक मध्यक, दुसरा सरासरी. हे दोन आकडे एका वाक्यात 'वाढ झाली' किंवा 'घट झाली' असं म्हणून जोडले, तर समितीत बसलेला लोकसंख्याशास्त्राचा माणूस तिथेच थांबवेल, आणि थांबवायलाच हवं.

पण २३.३ आणि १.९ यांचं काय? थोडा फरक इथेही काळाचा आहे. २०२० साली बावीस वर्षांची असलेली मुलगी जेव्हा 'माझं लग्न सतराव्या वर्षी झालं' म्हणते, तेव्हा ती २०१५ बद्दल बोलत असते. तेवढ्यानं बारा पट भरून निघत नाही. मला स्वतःला मोठा भाग उत्तर देणाऱ्याचा वाटतो. एनएफएचएसमध्ये त्या बाईशी एक प्रशिक्षित स्त्री कार्यकर्ती बोलते, शक्यतो एकटीशी, आणि विषय झालेल्या गोष्टीचा असतो. एसआरएस ही मुळात जन्म आणि मृत्यू मोजण्यासाठी उभी केलेली पद्धत आहे. माहिती घरातल्या प्रमुखाकडून किंवा जो माहिती देईल त्याच्याकडून घेतली जाते. ज्या घरात नुकतंच सोळा-सतरा वर्षांच्या सुनेचं माप ओलांडून झालंय, त्या घरातला सासरा सरकारी माणसाला तिचं वय काय सांगेल? २००६ च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे हे गावात आता सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी तरी १.९ हा आकडा बालविवाहाची पातळी म्हणून वापरणार नाही.

कायद्यानं वागणं बदलतं तशी उत्तरंही बदलतात, हे आपल्याकडे फार जुनं आहे. सारडा कायदा १९२९ साली मंजूर झाला, लागू झाला १ एप्रिल १९३० पासून. मुलीसाठी किमान वय १४, मुलासाठी १८. मधल्या महिन्यांत कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी देशभर लहान मुलांची लग्नं घाईघाईनं उरकली गेली, आणि १९३१ च्या जनगणनेत पंधराच्या आतल्या विवाहितांची संख्या १९२१ पेक्षा वाढलेली दिसली. जनगणना अहवालातला तो फुगवटा बघून कोणी 'सारडा कायद्यामुळे बालविवाह वाढले' असं लिहिलं तर ते वाक्य अंकगणितानं बरोबर आणि अर्थानं चुकीचं ठरेल.

आता मुख्य मुद्दा. वरचे सगळे घोळ कमी-जास्त लोकांना माहीत असतात. ज्याकडे सिनॉप्सिसमध्ये हमखास दुर्लक्ष होतं तो घोळ वेगळाच आहे.

समजा तुम्ही एका गावात गेलात आणि चोवीस वर्षांच्या दहा मुली शोधल्या. सहा जणींची लग्नं झालीत, अनुक्रमे १७, १८, १९, २०, २१ आणि २२ व्या वर्षी. चौघींची अजून झालेली नाहीत. आता लग्नाचं सरासरी वय काढा. बहुतेक जण सहा आकड्यांची बेरीज करतात, ११७, भागिले ६, उत्तर १९.५. हिशोब चोख. पण त्या चौघी कुठे गेल्या? त्यांची लग्नं उद्या होतील, पंचविशीत होतील, तिशीत होतील किंवा होणारही नाहीत. एवढं मात्र नक्की की ती चोवीसच्या आत झालेली नाहीत. ही माहिती आहे. 'माहिती नाही' असं तिचं भाषांतर करणं म्हणजे उशिरा लग्न करणाऱ्यांनाच नेमकं वगळणं. दहाही जणींना हिशोबात धरलं आणि 'निम्म्यांची लग्नं कधीपर्यंत झाली' असा प्रश्न विचारला, तर पाचवी मुलगी एकविसाव्या वर्षी लग्न करते, सहावी बाविसाव्या वर्षी. म्हणजे मध्यक २१ च्या पुढे. त्याच गावात, त्याच मुलींमध्ये, दीड वर्षाचा फरक फक्त छेदात कोण आहे यावरून पडला.

याला संख्याशास्त्रात सेन्सॉरिंग म्हणतात. सिनेमाच्या सेन्सॉरशी संबंध नाही. आपण मोजायला गेलो तेव्हा घटना अजून घडायची होती आणि आपली पाहणी तिथे संपली, एवढाच अर्थ. दवाखान्यातल्या रुग्णांच्या अभ्यासात हे रोज होतं, म्हणून १९५८ साली कॅप्लान आणि मायर यांनी दिलेली पद्धत वैद्यकात सगळ्यांना पाठ असते. प्रत्येक वयाला 'अजून वाट पाहणारे किती' हे छेदात धरायचं आणि 'त्या वर्षात लग्न झालेले किती' हे अंशात. ज्याची पाहणी संपली तो त्या वयापर्यंत छेदात राहतो, नंतर बाहेर पडतो. समाजशास्त्र आणि गृहविज्ञानाच्या विभागांमध्ये मात्र 'विवाहित स्त्रियांचा अभ्यास' असं सॅम्पल घेऊन त्यावरून 'विवाहाचे वय' असा निष्कर्ष काढणारे प्रबंध अजूनही सर्रास दिसतात.

वय जितकं कमी तितका हा घोळ भयंकर. १५ ते १९ वयाच्या फक्त विवाहित मुली घेतल्या, तर त्यांच्या लग्नाचं सरासरी वय एकोणीसच्या पुढे जाऊच शकत नाही, मग तो जिल्हा बीड असो की जपानमधलं टोकियो. सॅम्पल निवडतानाच उत्तर ठरून गेलेलं असतं.

एनएफएचएसच्या जुन्या फेऱ्या वापरणाऱ्यांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत १३ ते ४९ वयाच्या आणि १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या, पण फक्त कधी ना कधी लग्न झालेल्याच स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या होत्या. अविवाहित स्त्रियांशी सविस्तर बोलायला सुरुवात झाली ती २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून. लग्नाआधी प्रजननाचा प्रश्नच येत नाही, हे गृहीत त्या रचनेत होतं. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांची स्त्रियांची फाइल आणि नंतरच्या फेऱ्यांची फाइल एकाखाली एक जोडून ट्रेंड काढला तर तो ट्रेंड अर्धा प्रश्नावलीचा असतो. जुन्या फेऱ्यांत अविवाहित मुली घराच्या यादीत सापडतात, कारण ती यादी घरातल्या सगळ्यांची असते आणि त्यात वैवाहिक स्थिती लिहिलेली असते. त्यावरून गुणक काढून छेद दुरुस्त करावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

आणि अहवालातलं टेबल बघताना एक बारीक गोष्ट पाहा. मध्यक वयाच्या टेबलात २० ते २४ या ओळीत पुष्कळदा आकडाच नसतो, फक्त एक बारीक खूण असते, आणि खाली तळटीप असते की या गटातल्या निम्म्याहून कमी स्त्रियांची लग्नं गट सुरू होण्याच्या वयाआधी, म्हणजे विशीच्या आत, झाली होती, म्हणून मध्यक दिलेला नाही. विद्यार्थी ती ओळ 'उपलब्ध नाही' म्हणून सोडून देतात. खरं तर टेबलातली सगळ्यात बोलकी ओळ तीच आहे. निम्म्याहून जास्त मुली विशीपर्यंत अविवाहित राहिल्या, हीच तर बातमी!

हाजनल यांची युक्ती

मग ज्यांच्याकडे मुलाखतीच नाहीत, नुसती जनगणना आहे, त्यांनी काय करायचं? भारतीय जनगणनेच्या टेबलांत वय आणि वैवाहिक स्थिती मिळते. १९५३ साली जॉन हाजनल यांनी यातून एक सुंदर मार्ग काढला. त्यांनी विचारलं की लग्न 'कधी झालं' हे कशाला विचारायचं, माणसं अविवाहित 'किती वर्षं जगली' ते मोजू. उदाहरण म्हणून काल्पनिक आकडे घेते. १५ ते १९ मध्ये ८५ टक्के अविवाहित, २० ते २४ मध्ये ३५, २५ ते २९ मध्ये १०, ३० ते ३४ मध्ये ४ आणि पुढच्या तीन गटांत प्रत्येकी २. बेरीज १४०. प्रत्येक गट पाच वर्षांचा, म्हणून ७००. पंधरापर्यंत सगळ्याच शंभर जणी अविवाहित धरल्या, त्याचे १५००. एकूण २२०० अविवाहित वर्षं. यातून ज्या दोघी पन्नाशीपर्यंत अविवाहितच राहिल्या त्यांची शंभर वर्षं वजा करा, राहिली २१००. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणींत वाटा. २१.४ वर्षं.

गंमत बघा, इथे अविवाहितांनीच सगळं उत्तर दिलं. आपल्याकडे एस. एन. अगरवाल यांनी याच वळणाचं काम जनगणनेच्या जुन्या टेबलांवर केलं, आणि १९६२ सालचं त्यांचं भारतातल्या विवाहवयाबद्दलचं पुस्तक अजूनही वाचण्यासारखं आहे. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेनं वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्यातली जन्म-मृत्यूची पाहणी प्रसिद्ध केली. मराठी मुलखात घरोघर जाऊन हा विषय मोजायची परंपरा आपल्याला वाटते त्यापेक्षा जुनी आहे.

हाजनल यांच्या पद्धतीला एक अट आहे. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीपासून आजच्या पन्नास वर्षांच्या बाईपर्यंत सगळ्यांना एकाच बाईचं आयुष्य समजून ओवलेलं असतं. लग्नाचं वय झपाट्यानं बदलत असेल तर ती माळ तुटते. स्थलांतर असेल तर आणखीच गोंधळ. मुंबईतले पंचविशीतले पुरुष घेऊन हे गणित केलं, तर उत्तरात मुंबईच्या विवाहपद्धतीइतकाच कोकण, साताऱ्यापासून उत्तर प्रदेशापर्यंतचा भाग मिसळलेला येईल, कारण एकटे आलेले अविवाहित तिथे राहतात आणि बऱ्याच जणांचं लग्न गावी होतं.

याचा मुलांच्या संख्येशी काय संबंध?

सिनॉप्सिसमध्ये सर्वांत जास्त आढळणारं गृहीतक म्हणजे 'विवाहाचे वय वाढल्यास प्रजनन दर घटतो.' हे आलं कुठून? १९५६ मध्ये किंग्जली डेव्हिस आणि ज्युडिथ ब्लेक यांनी, आणि १९७८ मध्ये जॉन बोंगार्ट्स यांनी जास्त मोजण्याजोग्या रूपात, मांडलं की समाजातली कुठलीही गोष्ट जन्मदरावर थेट परिणाम करत नाही. ती मधल्या काही दारांतूनच जाते. लग्न, गर्भनिरोध, गर्भपात आणि बाळंतपणानंतरचा अंगावर पाजण्याचा काळ, ही मुख्य दारं. अगरवाल यांनीही मुलींचं विवाहवय वाढलं तर जन्मदर बराच खाली येईल असा हिशोब केला होता. १९७६ च्या लोकसंख्या धोरणात किमान वय वाढवायचं ठरलं आणि १९७८ मध्ये कायदा बदलून ते १८ आणि २१ झालं, त्यामागे हा विचार होताच.

प्रत्यक्षात काय झालं? एनएफएचएस-५ मध्ये पश्चिम बंगालचा एकूण प्रजनन दर १.६ आहे, म्हणजे देशाच्या २.० पेक्षा बराच खाली. आणि त्याच पश्चिम बंगालमध्ये २० ते २४ वयाच्या ४१.६ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली. आंध्र प्रदेशाचा दर १.७, अठराच्या आतली लग्नं २९.३ टक्के. आपल्या महाराष्ट्राचा दर १.७ आणि अठराच्या आतली लग्नं २१.९ टक्के. दुसरं दार इतकं जोरात बंद झालं की पहिलं दार उघडं राहिलं तरी आकडा खाली आला. महाराष्ट्रात आणि आंध्रात ते दुसरं दार म्हणजे 'ऑपरेशन'. एनएफएचएस-५ नुसार महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास ४९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, पूर्ण देशात सुमारे ३८ टक्के. देशात ऑपरेशनच्या वेळचं मध्यक वय पंचविशी-सव्विशीचं आहे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न, लगेच पहिलं मूल, दोन-तीन वर्षांत दुसरं आणि पंचविशीत ऑपरेशन. सगळं कुटुंब सात वर्षांत उभं राहून पूर्ण होतं. प्रजनन दर बघणारा धोरणकर्ता खूश, आणि त्या मुलीचं शिक्षण दहावीलाच थांबलेलं.

म्हणून तुमच्या गृहीतकात 'प्रजनन दर कमी म्हणजे विवाहवय वाढलं असणार' हा उलटा प्रवास असेल तर तो काढून टाका. मुलींच्या लग्नाचं वय हा प्रश्न लोकसंख्येच्या नियंत्रणाचा म्हणून मांडला गेला, तर पश्चिम बंगालमध्ये किंवा मराठवाड्यात आता तो सुटलेला दिसेल. आणि तो सुटलेला नाही.

जाता जाता, एकूण प्रजनन दर हाही माळेतला आकडा आहे. १.७ म्हणजे महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी पावणेदोन मुलं, असं बातमीत लिहितात. खरं तर आजच्या वीस, तीस, चाळीस वर्षांच्या बायकांचे दर एकत्र ओवून बनवलेली ती एक काल्पनिक बाई आहे. बायका मुलं पुढे ढकलत असतील तर हा दर तात्पुरता जास्तच खाली दिसतो. बोंगार्ट्स आणि फीनी यांनी १९९८ मध्ये याची दुरुस्ती सुचवली, त्यावर अजून वाद आहेत. पण मूळ प्रश्न तोच: अजून मूल न झालेली बाई 'मूल नसलेली' की 'अजून न झालेली'?

जिल्ह्यांबद्दल थोडं, कारण मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचा हा आवडता भाग. एनएफएचएस-५ मध्ये अठराच्या आतल्या लग्नांचं प्रमाण परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये जवळपास ४४. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा संबंध यात आहे, आई-बाप दिवाळीनंतर पाच-सहा महिने कोयता घेऊन बाहेर, मुलीला मागे कोणाकडे ठेवायचं ही धास्ती खरी आहे, आणि कोयत्याला जोडी लागते हेही खरं. पण आकड्यांवरून 'परभणी बीडपेक्षा पुढे' असं लिहू नका. एका जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रिया सॅम्पलमध्ये येतात किती? समजा दीडशे आल्या, तर ४८ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ टक्क्यांची अनिश्चितता सहज राहते, आणि गटानं निवडलेल्या सॅम्पलमध्ये ती आणखी वाढते. दोन्ही जिल्हे राज्याच्या दुपटीच्या आसपास आहेत, एवढं म्हणता येतं, आणि तेवढं पुरेसं गंभीर आहे.

स्वतः सर्व्हे करणार असाल तर प्रश्न विचारण्याबद्दल दोन गोष्टी. एनएफएचएसच्या प्रश्नावलीत लग्न आणि नवऱ्यासोबत राहायला लागणं हे वेगळं धरलं जातं, उत्तर भारतातल्या गौन्यामुळे ते गरजेचंच आहे. मराठीत आपल्याकडे याला सोपा शब्द आहे, नांदायला जाणं. साठी-सत्तरीच्या आजींना "लग्न कधी झालं?" विचारलं तर त्या अक्षता पडल्याचं सांगतात. "आजी, नांदायला कधी आलात?" विचारलं की वेगळं वर्ष येतं. मुलांच्या संख्येशी संबंध दुसऱ्या उत्तराचा. आणि वय थेट विचारू नका. अठरा, वीस, पंचवीस या आकड्यांवर उत्तरं ढिगानं साचतात. त्याऐवजी "ताई, दहावीची परीक्षा दिली तेव्हा लग्न ठरलं होतं का?", "थोरला झाला तेव्हा लग्नाला किती दिवाळ्या झाल्या होत्या?" असं विचारा. लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, ही चाळिशीच्या पुढच्यांसाठी चांगली खुंटी आहे. "भूकंपाच्या आधी की नंतर?" याला उत्तर लगेच येतं.

तयार डेटा वापरणाऱ्यांसाठी: स्त्रियांच्या फाइलमध्ये व्ही ५११ नावाचं चल असतं, पहिल्यांदा नवऱ्यासोबत राहायला लागतानाचं वय. अविवाहित स्त्रियांच्या बाबतीत ते रिकामं असतं. एसपीएसएसला सरासरी काढायला सांगितली की ते या सगळ्या ओळी गुपचूप बाजूला ठेवतं आणि तुम्हाला कुरकुर न करता उत्तर देतं. ते रिकामं घर म्हणजे राहून गेलेली नोंद नाही. तिथे व्ही ०१२, म्हणजे मुलाखतीच्या वेळचं वय, आणि व्ही ५०१, म्हणजे वैवाहिक स्थिती, यांवरून 'या वयापर्यंत लग्न झालेलं नाही' अशी नोंद तयार करायची, आणि मग आयुष्यसारणी किंवा कॅप्लान-मायर चालवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. वजनं लावायला विसरू नका.

आता पुरुष. विवाह आणि कुटुंबाच्या आपल्या जवळपास सगळ्या संशोधनात पुरुष हा बायकोच्या मुलाखतीतला एक रकाना असतो. एनएफएचएस-५ मध्ये ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि १,०१,८३९ पुरुषांच्या. पुरुषांची लग्नं रखडतात, ती आपल्याला बायकांच्या टेबलात कधीच दिसणार नाहीत, कारण ज्याला बायकोच नाही तो कोणाच्या रकान्यात येणार? डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून. बातम्यांनी तो गमतीत घेतला. पण २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. ती मुलं २००४ ते २०११ च्या दरम्यान जन्मलेली, म्हणजे मोर्चातल्या तिशीच्या मुलांच्या मागची फळी. त्यांच्यातले थोरले आता एकविशी पार करत आहेत. सोयरिक काही जिल्ह्याच्या हद्दीत थांबत नाही, मुली वयानं लहान बघितल्या जातात, शेती करणारा नवरा नको असतो, त्यामुळे हजारात १९३ कमी म्हणजे तेवढेच मुलगे अविवाहित राहतील असं सरळ गणित मांडता येणार नाही. वयातलं अंतर, जमीन, नोकरी, जात आणि स्थलांतर हे सगळं त्यात धरावं लागेल. भट आणि हल्ली यांचा १९९९ चा वधूमूल्य-हुंड्यावरचा पेपर वाचा. त्यात उलट बाजू आहे. लोकसंख्या वाढत असताना नवरे वयानं मोठे असतात म्हणून मुलींना स्थळं कमी पडत होती, आणि हुंड्याचा एक धागा त्यांनी तिथे जोडला. पारडं आता दुसरीकडे झुकतंय, आणि हुंडा मात्र गेलेला नाही. का, हा चांगला पीएचडीचा प्रश्न आहे.

एनएफएचएसच्या पुरुषांच्या फाइलमध्ये १५ ते ५४ वयाचे अविवाहितही आहेत. त्यातले महाराष्ट्रातले तिशीच्या पुढचे, शेती करणारे बाजूला काढले की संख्या फार मोठी राहत नाही, जिल्हावार तर काहीच म्हणता येणार नाही. पण विभागवार आणि शिक्षणवार, वर सांगितलेल्या पद्धतीनं, अविवाहितांना छेदात ठेवून सारणी काढता येते. कोणी केलीत तर कमेंटमध्ये जरूर सांगा. कोड अडला तर मेल करा, मी बघून देते.